उजवीकडचा पिवळा दिवा

चांगलं चाललेलं माणसाला बघवत नाही; दुसऱ्याचं सोडा, स्वतःचंसुद्धा. हंबीररावाचं तसंच झालं.

त्याची मोटारसायकल म्हणजे महायुद्धाच्या वेळचं लष्करी धूड. पलटणीतून घरी आल्यावर त्यानं ती लिलावात उचलली आणि वाळवा तालुक्यातल्या आपल्या गावी आणली. एकाहत्तरच्या लढाईत त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. मूठ पक्की होती, गाडी तो झकास हाकायचा, पण हात बाजूला काढायचा म्हटलं की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. आणि असल्या जुन्या गाडीला वळायचे दिवे कुठले? उजवीकडं वळायचं तर उजवा हातच बाहेर काढावा लागे. ते काम त्याच्या बायकोनं, शालूबाईनं, आपणहून अंगावर घेतलं. नऊवारीचा काष्टा घट्ट करून ती मागं दोन्हीकडं पाय टाकून बसायची आणि वळण आलं की हिरव्या चुड्याचा हात ताठ बाहेर काढायची. तो हात बघून मागचा ट्रकवालासुद्धा ब्रेक दाबायचा. तिला या कामाची भारी हौस. इस्लामपूरच्या बाजाराला जाताना कधी कधी ती वळायचं नसलं तरी हात काढायची आणि नवऱ्याच्या शिव्या खायची.

गावाला हसायला तेवढं पुरेसं होतं. चहाच्या टपरीवर मानसिंग म्हणायचा, "हंबीरराव, गाडी तुमची आन् हुकूम वयनीचा! पलटणीत बी असंच व्हतं काय?"

लढाईत जखमी झालेला हा गडी, पण त्याला एवढी थट्टा काही पचली नाही. डोक्यात राख घालून तो तडक कुपवाडला आप्पासोच्या गॅरेजात गेला. "नव्या गाड्यांना असत्यात तसलं दिवं हिला बसीव," म्हणाला.

आप्पासोनं डोकं खाजवलं. गाडी सहा व्होल्टची, तारा कुजलेल्या, दिवे टेकवायला जागा नाही. पण एकदा कामाचा नाद लागला की तो कुणाच्या बापाचं ऐकत नसे. त्यानं लोखंडी पट्ट्या जोडल्या, मुंबईहून मागवलेले चार पिवळे दिवे त्यांवर बसवले, दिवे लुकलुकवणारा डबा सीटखाली दडवला आणि डाव्या मुठीजवळ बटण दिलं. दिवे टिकटिक करत लागले तेव्हा दोघंही शाळकरी पोरांसारखे खूश झाले.

घरी शालूबाईनं गाडीभोवती एक फेरी मारली. "माज्या हाताला काय झालं व्हतं?" तिनं विचारलं.

"लोकं हसत्यात."

"हसू द्यात की. वळतंय कोन, आपुन का लोकं?"

"आता तू निवांत बस. पाटलिणीगत," हंबीरराव म्हणाला. आपण बायकोला सुख दिलं, असं त्याला खरोखरच वाटत होतं. शालूबाई भाकरी थापायला आत गेली.

पुढच्याच आठवड्यात मेढ्याला तिच्या बहिणीकडं बारसं होतं. या वेळी ती चारचौघींसारखी एका अंगाला पाय सोडून बसली. साताऱ्यात उतरून बाळाला झबलं घेतलं, बारशाचं जेवण झालं, आणि उन्हं उतरायच्या आत घर गाठायचं म्हणून दोघं लवकर निघाली. कऱ्हाड मागं पडलं. गावाचा फाटा हमरस्त्याच्या उजव्या हाताला होता. हंबीररावानं गाडी हळू केली, बटण दाबलं. सवयीनं शालूबाईचा हात त्याच्या खांद्यावरून उचलला गेला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "दिवा लागलाय."

तिनं हात परत खांद्यावर ठेवला. मागून एक जीप येत होती. जीपनं वेग कमी करायच्या ऐवजी वाढवला, आणि हंबीरराव उजवीकडं वळतोय तोच त्याच अंगानं येऊन धडकली.

जीपचा ड्रायव्हर जोतीराम, आटपाडीकडचा तरणा गडी. दोघांना जीपमध्ये घालून त्यानंच सांगलीच्या दवाखान्यात आणलं. हंबीररावाचे गुडघे फुटले होते, बाकी काही नाही. शालूबाईला आत नेलं. थोड्या वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि बाई गेल्या म्हणाले.

हंबीररावानं डाव्या हातानं जोतीरामची कॉलर धरली. "डोळं फुटलं व्हतं काय तुजं? एवढा दिवा दिसला न्हाई?"

"दिसला की!" जोतीराम रडत म्हणाला. "दिसला म्हनून तर आलो. उजवा दिवा लागला, मला वाटलं तुमी साईड दिली. ट्रकवालं देत्यात तशी. रस्ता मोकळा हाय, जा म्होरं."

कॉलरवरची मूठ सुटली. हंबीररावाला हे काय ठाऊक नव्हतं? पलटणीच्या गाड्या त्यानं उजव्या दिव्याच्या त्याच इशाऱ्यावर कितीदा तरी पुढं काढल्या होत्या. आजच दुपारी उंब्रजजवळ पुढच्या ट्रकनं उजवा दिवा लावला, तेव्हा "घट्ट धर" म्हणत त्यानं मोटारसायकल दामटली होती आणि शालूबाई मागं खुदखुदली होती. सगळं माहीत असून आपल्या गाडीचा दिवाही मागचा माणूस तसाच वाचील, हे त्याच्या टाळक्यात शिरलं नव्हतं. तो भिंतीला टेकून खाली बसला.

"माजं काय चुकलं, तेवढं सांगा दादा," जोतीराम म्हणाला.

"तुजं काय न्हाई चुकलं."

हे ऐकून जोतीरामला एवढं हलकं वाटलं की त्यानं वाकून हंबीररावाच्या पायांवर डोकं ठेवलं. पाय मागं घ्यायचंही हंबीररावाला सुचलं नाही.

आतून नर्सनं हाक दिली, "शालूबाईंचं कोण आहे इथं? आत या."

हंबीररावाचं तोंड उघडलं, पण 'मी' म्हणायला जीभ वळेना. नर्सनं पुन्हा विचारलं. शेवटी जोतीरामच म्हणाला, "हे हायत. मालक हायत त्यांचं," आणि काखेत हात घालून त्यानं त्याला उभं केलं.