काहीच न घातलेली बरणी

या घरात माझ्याशी कुणी मोठ्याने बोलत नाही. 'चहा देऊ का?' हेसुद्धा अशा आवाजात विचारतात, की जणू चहाच्या बातमीने मी कोसळून पडेन. मला चीड येते ती याची. पण चिडायची सोय नाही. मी चिडले की सासूबाई नवऱ्याकडे बघतात, नवरा गोळ्यांच्या डबीकडे बघतो, आणि मग दोघंही आवाज आणखी खाली आणतात.

झालं होतं ते एवढंच. मी शाळेत विज्ञान शिकवायचे. एके दिवशी फळ्यापाशी उभी असताना रडू फुटलं आणि ते काही केल्या थांबेना. मग हॉस्पिटल झालं, गोळ्या झाल्या, नोकरी गेली. घरी परत आले तेव्हा बाथरूमच्या दाराची आतली कडी काढून टाकलेली होती. लाकडात नुसती स्क्रूची भोकं. विचारलं तर नवरा म्हणाला, "गंजली होती अगं." स्टीलची कडी म्हणे गंजली होती.

तळहाताच्या फोडासारखं जपतात मला. शेजारपाजारचे त्याचं कौतुक करतात, किती नशीबवान आहेस म्हणतात. फोडाला काय वाटतं ते आजवर कुणी विचारलेलं नाही. खाली कोपऱ्यावर जाऊन येते म्हटलं की नवरा पायात चपला सरकवतच म्हणतो, "मी येतो ना बरोबर." तो चष्म्याच्या दुकानात काम करतो. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारत असतो, हे बरं दिसतंय की हे? समोरचा 'हं, आता छान' म्हणेपर्यंत तो काचा बदलत राहतो. स्वभावच तसा आहे त्याचा.

तर मागच्या गल्लीत एक साबणवाल्या बाई आहेत. पुढे दुकान, मागे कारखाना. कारखाना म्हणजे एकच खोली, पण त्या कारखानाच म्हणतात. आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी ऐकू यावा. सासूबाईंबरोबर साबण आणायला गेले होते, तेव्हा त्या कुणाशी तरी तणतणत होत्या. "साबणाचं काही नाही हो, तो वर्षभर पडून राहतो. पण आता गिऱ्हाइकांना क्रीम पाहिजे. तेही घरचं, बिनकेमिकलचं. केलं तर वर पांढरी लव धरते. लोक झाकण उघडतात आणि माझ्याच तोंडावर आणून आपटतात."

मला राहवलं नाही. म्हटलं, साबण कडक होतो, त्याच्यात जंतूंना जगता येत नाही. क्रीममध्ये तुम्ही गुलाबपाणी घालता, कोरफड घालता. पाणी आलं की बुरशीचं फावतं.

बाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "मग तुम्हीच शोधून द्या की. काय घातलं म्हणजे टिकेल? पण झाडापाल्यातलं पाहिजे, बाटलीतलं केमिकल नको. द्या शोधून, आणि मग या इथे कामाला. मला अर्धा दिवस डोकं वापरणारं माणूस हवंच आहे."

कितीतरी महिन्यांनी माझ्याशी कुणी असं धडाधड बोललं होतं. घरी येईपर्यंत माझे पाय जमिनीवर नव्हते. अर्धा दिवस. रोज अर्धा दिवस या घराबाहेर, जिथे माझ्या तोंडाकडे टक लावून कुणी बसणार नाही. मला दुसरं काही नको होतं. नवऱ्याला सांगितलं, उत्तर सापडलं तर मी जाणार. तो म्हणाला, "बघू हं. आधी ते क्रीम टिकू तर दे."

मी कामाला लागले. मेण, बदामाचं तेल, गुलाबपाणी, कोरफडीचा गर. मेण आणि तेल वितळवायचं, पाणी तेवढंच कोमट करायचं, आणि घोटत घोटत एक दुसऱ्यात सोडायचं. हात थांबला की फाटतं. सगळं एकाच भांड्यात केलं आणि बरण्यांत वाटलं. एकीत रोझमेरीचा अर्क, एकीत व्हिटॅमिन ई, एकीत मध, एकीत लवंगेचं तेल. आणि शेवटच्या बरणीत काहीच नाही. झाकणावर तसंच लिहिलं: काही नाही.

ती बरणी सगळ्यात महत्त्वाची. शाळेत मुलांना मी हेच घसा फोडून सांगायचे. ज्यात काही घातलं नाही ते बाजूला ठेवा, तुलना त्याच्याशी करा. ती बरणी बिघडली की कळणार, बाकीच्यांनी किती तग धरला. स्वयंपाकघरातल्या फळीवर रांगेत मांडल्या. लोक वापरतात तशा रोज सकाळी उघडायच्या, बोट बुडवायचं, वास घ्यायचा, बंद करायच्या. दुपारच्या गोळ्यांनी मला गाढ झोप लागते, म्हणून सगळं सकाळीच.

आठवडा गेला. दुसरा गेला. एकही बरणी बिघडली नाही. मी खूश. सासूबाईही खूश, नवरा तर इतका खूश की त्याने चक्क शीळ घातली. "बघ, जमलं की नाही तुला," तो म्हणाला. आणखी दिवस गेले. मध छान, लवंग छान, रोझमेरी छान.

आणि 'काही नाही'सुद्धा छान. दह्याच्या सायीसारखं गुळगुळीत, वास ताज्या गुलाबपाण्याचा.

पाणी आहे, कोरफड आहे, रोज बोट बुडतंय, आणि बुरशीचं नाव नाही. असं होत नाही. मग झालं कसं? दुसऱ्या कुठल्या घरात माणसाने बरणीवर संशय घेतला असता. या घरात पहिला संशय माझ्या डोक्यावर. मी चुकून तिच्यातही काही घातलं का? घालून विसरले का? झाकणांची अदलाबदल केली का? मी फळीसमोर उभी राहून झाकणं पुन्हा पुन्हा वाचत होते आणि सासूबाई मागून म्हणाल्या, "बस जरा बाळा, दमलीस." त्या दिवशी गोळी मी न कुरकुरता घेतली. खरंच पुन्हा सुरू झालं असेल तर काय घ्या.

पण मास्तरीण मेली नव्हती. दुसऱ्या सकाळी 'काही नाही'ची बरणी रिकामी केली, उकळत्या पाण्याने धुतली, आणि तळाशी लाल दोऱ्याची एक गाठ ठेवून वर नवं क्रीम भरलं. कुणाला बोलले नाही. पुन्हा रोज उघडायला लागले. सुरुवातीला वर छान. मग एक दिवस कडेला बारीक करडा ठिपका दिसला, टाचणीच्या टोकाएवढा. मी झाकण लावलं आणि गप्प बसले. त्याच्या दुसऱ्या दिवशी उघडलं तर ठिपका नाही. क्रीम ताजं, तुकतुकीत. चमच्याने तळापर्यंत खरवडलं.

दोरा नव्हता.

मला किती आनंद झाला ते कसं सांगू. ओट्याला धरून हसत सुटले. माझं डोकं शाबूत होतं. मग हळूहळू दुसरं लक्षात आलं, आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

रविवार होता, दोघंही घरात होते. मी बरणी जेवणाच्या टेबलावर ठेवली. "हिच्यातलं क्रीम कोण बदलतं?"

सासूबाईंनी नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्याने सवयीने डबीकडे बघितलं, पण मी ती आधीच उचलून हातात धरली होती.

"तू दुपारी झोपलीस की आई ताजं करून ठेवते," तो शेवटी म्हणाला. "मी फक्त सांगतो कुठल्या बिघडल्यात ते, मग तू उठायच्या आत ती भरते. सकाळी तुझ्या आधी उठून बघतो."

"मला येतं आता," सासूबाई म्हणाल्या. त्यांना थोडा अभिमानही वाटत होता, तो काही लपला नाही. "सुरुवातीला फाटायचं. आता तुझ्यापेक्षा गुळगुळीत होतं."

"अरे, पण ही का बदललीत? हिच्यात तर काहीच नव्हतं."

"तेच ना," नवरा कळवळून म्हणाला. "हीसुद्धा सारखी बिघडायची. हिला तर किती वेळा बदललं. तुला किती वाईट वाटलं असतं."

"ही बिघडायलाच हवी होती. ती बिघडली असती तर मला बरं वाटलं असतं."

त्याला कळलं नाही. खरंच कळलं नाही. काच बदलूनही ज्याला दिसत नाही अशा गिऱ्हाइकाकडे बघावं, तसा तो माझ्याकडे बघत राहिला. त्याच्यावर ओरडावं की त्याला जवळ घ्यावं, मला समजेना. दोन महिने हा माणूस माझ्या आधी उठून माझ्यासाठी बुरशी शोधत होता. प्रेमच होतं ते, नाही कोण म्हणतं? त्या प्रेमाने माझा जीव घुसमटत होता.

मी सासूबाईंकडे वळले. "आई, आठवतंय का, कुठली आधी गेली?"

"मधाची," त्या लगेच म्हणाल्या. "वर बुडबुडे आले, आंबूस वास. मग ही बिनकाहीची आणि त्या ईची, दोन्ही बरोबरच. रोझमेरीचं तेच, एखाददुसरा दिवस इकडेतिकडे. लवंगेची खूप उशिरा. पण ती भरताना माझं मनगट लाल झालं, आग आग झाली. ती चेहऱ्याला कोण लावेल?"

बाई ग. सगळं पाहिलं होतं त्यांनी. माझं उत्तर त्यांच्याजवळ तयार होतं. ई आणि रोझमेरी तेल खवट होऊ देत नाहीत, पण बुरशीला ती अडवत नाहीत. चमचाभर मध पाण्यात विरघळला की तो राखण कसली करतो, उलट जंतूंना खाऊ घालतो. लवंग जपते, पण जपण्याइतकी घातली तर कातडी भाजते. म्हणजे पाणी असलेलं क्रीम टिकवायचं असेल, तर झाडापाल्याच्या भरवशावर राहता येत नाही, बाटलीतलंच घालावं लागतं. नाहीतर पाणी तरी काढून टाकायचं आणि नुसतं तेलामेणाचं मलम करायचं. नकार असला तरी उत्तर होतं, आणि बाईंनी उत्तरच मागितलं होतं.

"मी आत्ता जाऊन सांगते," मी म्हणाले.

"मी येतो ना बरोबर."

येऊ दे, म्हटलं. आज काही मनाला लावून घ्यायचं नाही. गल्लीतून मी पुढे आणि तो मागे. मनात वाक्यं जुळवत होते, सुटसुटीत, वर्गात सांगावी तशी.

बाई तारेने साबणाची लादी कापत होत्या. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं: कुठली बरणी आधी, कुठली नंतर, का, आणि मग करायचं काय. एकदाही अडखळले नाही. शेवटी म्हणाले, "मग उद्यापासून येऊ ना?"

बाईंनी तार खाली ठेवली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या खांद्यावरून मागे, नवऱ्याकडे पाहिलं. आणि मग गल्लीच्या तोंडाशी ऐकू जाणाऱ्या त्या आवाजाला मुरड घालून म्हणाल्या, "छान हो. खूप छान काम केलंत. दमला असाल नाही?"

तेव्हा मला त्यांच्या मागचं कपाट दिसलं. क्रीमच्या डब्या, ओळीने, छापील कागद चिकटवलेल्या. आतल्या खोलीत एक मुलगी आणखी भरत बसली होती.

"यात काय घालता?" मी विचारलं.

"ते... मिळतं ना बाटलीत. थोडेसे थेंब." बाई हात पुसत राहिल्या. "बरेच दिवस झाले आता. चांगलं टिकतं."

मी मागे वळले. "तू यांच्याशी बोललास?"

"पहिल्याच आठवड्यात," नवरा म्हणाला. "म्हटलं, तिचं मन रमलंय, रमू द्या. कामाचं मात्र इतक्यात नको. तुझ्याच भल्यासाठी गं."

"घाई काय आहे?" बाई म्हणाल्या. "आणखी थोडे दिवस घरीच करून बघा की. दुसरं काहीतरी घालून बघा. दालचिनी वगैरे."

त्या डब्या एकेक करून फरशीवर फोडाव्यात, त्या मुलीला हाताला धरून उठवावं आणि तिच्या जागी जाऊन बसावं, असं वाटलं. पण मी नुसता आवाज चढवला असता, तरी बाईंनी पुन्हा त्याच्याकडे पाहिलं असतं, त्याने घरी जाऊन डॉक्टरला फोन केला असता, आणि माझं खरं बोलणंही आजारात जमा झालं असतं. मी बरी आहे हे दाखवायचा एकच मार्ग त्यांनी मला ठेवला होता.

"दालचिनी," मी म्हणाले. "बघते की."

नवऱ्याचा चेहरा उजळला. पुढे होऊन त्याने माझ्यासाठी दार उघडून धरलं.