ओल जायच्या आत

मडक्याच्या तोंडावरचं शेण वाळून तडकलेलं — आणि त्या भेगेत अडकलेलं तिचं नख. ओढलं तर शेणाचा पोपडा निघेल, नाहीतर नख तरी तुटेल... तुटू दे. सोजराबाईला आज काहीतरी तुटायला हवंच होतं.

पोपडा निघाला. आत राख, कडुनिंबाचा वाळका पाला आणि त्याखाली ज्वारीचं बी. तिनं कोपरापर्यंत हात घातला. एकाही दाण्याला कीड नाही. अशी दोन मडकी बी घरात, हस्ताच्या पावसानं भिजलेलं दोन एकर काळं रान ओढ्याकाठी, आणि पेरायची तिफण मात्र नागनाथ मालकांच्या गोठ्यात, भिंतीला टेकून उभी.

उभीच! हेच तिला सकाळपासून जाळत होतं. पिराजी, तिचा नवरा, उजाडताच मोठ्या घरी गेला आणि बैलजोडी-तिफण मागून तसाच परत आला. "उद्या म्हनले," एवढंच बोलला आणि विडी शोधत बसला. उद्या... चार वर्षं झाली, आणीबाणीच्या साली सरकारनं रानाचा कागद हातात दिला तेव्हापासून हा उद्या चालला आहे. आधी मालकांचं रान, मग भावकीचं, मग गावातल्या बाकीच्यांचं, आणि बैल थकले नसले तर शेवटी बौद्धवाड्यातली चार घरं. तोवर वरची माती कोरडी पडते. गेल्या साली मातीत बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसलं तेव्हा कुठं ओल लागली, आणि अर्धं रान उगवलंच नाही. मग पारावरची माणसं म्हणाली, सरकारनं यांना रान दिलं खरं, पण पिकवता येतंय कुठं! चिंताकीच्या वाटेनं जाताना तिनं हे स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. थुंकावं असं वाटलं होतं. नुसतीच चालत राहिली.

पण यंदा मालकांची पेरणीच अडली आहे, आणि अडली आहे ती बियाण्यावाचून. तिफण रिकामी, बैल दावणीला रवंथ करतायत, तरी तिला मिळायची नाही, कारण मालकांनी पेरल्याशिवाय ती दुसऱ्याच्या रानात जात नाही. रीत म्हणे. इकडं माझी ओल चालली, आणि हे रीत राखत बसलेत...

तिनं मूठभर बी सुपात घेतलं आणि पाखडायला लागली, गरजेपेक्षा जोरात.

शेतीचा साहेब आला होता तो दिवस तिला लख्ख आठवत होता. पारावर सतरंजी, साहेब कानडीत बोलतोय, पुढं मोठी घरं, आणि बौद्धवाड्यातली माणसं लांब कडुनिंबाखाली उभी. हायब्रीड ज्वारीची पाकिटं वाटली गेली. यांच्यापर्यंत येता येता संपली. ती तेव्हा रडकुंडीला आली होती! पहिल्या वर्षी मालकांना कणसं लागली ती ढोपराएवढी. मग त्यांनी जुन्या सवयीनं त्यातलीच भरदार कणसं निवडून बियाण्याला ठेवली. पाकिटाचं बी दरवर्षी नवं घ्यायचं असतं हे पाकिटावर कानडीत लिहिलं होतं म्हणतात, पण मालक निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेले. दुसऱ्या साली एक ताट कमरेला, एक गुडघ्याला, निम्मी कणसं पोचट. आणि गावरान बी तर कुणी राखलंच नव्हतं. यंदा औरादच्या दुकानात पाकिटंही आली नाहीत. आता सगळे म्हणतात, सोजरा शहाणी, तिनं जुनं बी जपलं. शहाणी! अरे, तुम्ही पाकीट दिलं असतं तर मीही तेच पेरलं असतं की.

"सोजरा, हायस का गं घरात?"

दारात मालकांची बायको. सावित्रीबाई. या अंगणात ती पहिल्यांदाच आली होती, आणि तेही चपला न काढता, कुठं टेकणार नाही अशा बेतानं उभी होती.

"बी हाय म्हणं तुझ्याकडं."

"हाय की, अक्का."

"मुळात आमच्याच रानातलं ते. तुझ्या सासूनं, शकुबाईनं, सरव्यात नेलेलं."

"व्हय."

व्हय काय, व्हय! कापणी झाल्यावर रानात सांडलेली कणसं शकुबाई वाकून वाकून वेचायची, आणि त्याआधी तुमच्या बियाण्याची कणसं कुणी निवडली? तिनंच. कुठलं कणीस ठेवायचं हे तुमच्या घरात कुणाला कळत होतं? पण हे सगळं तोंडाशी येऊन राहिलं. तोंडातून निघालं ते एवढंच —

"तिफण आज आमच्या रानात येऊ द्या, अक्का. मग न्या बी."

सावित्रीबाईनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. "मालकांना इचारते की. बी तर दे आधी." आणि तिनं पदर पसरला. बी पदरातच घ्यायचं, ही रीत.

सोजरानं उघडलेलं मडकं उचललं. उंच. आणि उंच धरल्यावर तिला कळलं की ही उंची तिची ओळखीची आहे — फक्त आजवर ती खालून पाहिलेली. सुगीची मजुरी अशीच पडायची तिच्या पदरात, वरून, हाताला हात लागू नये म्हणून. निम्मे दाणे मातीत, आणि ते वेचायला पुन्हा वाकायचं. आता पदर दुसऱ्याचा होता. गोड वाटलं. मग त्या गोडव्याचीच तिला शिसारी आली, कारण ओतलं असतं तर बीही गेलं असतं आणि उद्या पुन्हा उद्याच राहिला असता.

तिनं मडकं खाली आणलं. मांडीशी घेऊन उंबऱ्यावर बसली.

"तिफण येऊ द्या आधी," ती म्हणाली. आवाज चढला नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं. "तवर बसा की, अक्का."

सावित्रीबाई बसली नाही. गेलीही नाही. पदर तसाच पसरलेला, रिकामा. पिराजी विडी विझवून उठून उभा राहिला होता, भेदरून एकदा हिच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत. ऊन चढत होतं. सकाळपासून सोजराच्या छातीत धडका मारणारा राग कुठं गेला नव्हता, पण आता तो बसला होता, तिच्यासारखाच, मांडी घालून. तिला घाई नव्हती. आज ओल दोघींच्याही रानातून चालली होती.