निळा घाम

तीनचा भोंगा वाजला आणि भिंतीला घाम फुटला. सूतगिरणीच्या तीन मजली भिंतीवर रंगवलेला तो अजस्र कामगार. हातात दातेरी चाक, छाती दरवाजाएवढी. त्याच्या कपाळावरून थेंब ओघळू लागले आणि खाली तीन-चारशे माणसं रुमाल पुढे करून एकमेकांचे पाय तुडवू लागली.

"चाखा, खारट आहे!" भिंतीखाली आसन मांडून बसलेले बुवा गरजले. "तुमची धूळ हा गिळतोय! मग धूळ ओढणारे पंखे कशाला मागता? संप कशाला?"

चित्राला फुप्फुसं कुठली, हे विचारायचं कुणालाच सुचेना. पिंजण खात्यातल्या वहिनींनाही नाही. नवरा बॉयलरवर कामाला, म्हणून त्या साऱ्या गिरणीच्या वहिनी. कापसाच्या धुळीनं त्यांना धाप लागायची. महिनाभर डॉक्टरचं औषध बंद करून त्या हा घाम छातीला लावत होत्या. नवराच रोज चोळून द्यायचा, अगदी मायेनं.

मध्यंतरी नवरा तापानं चार दिवस घरी पडला आणि भिंत कोरडी ठणठणीत! "पाप वाढलं," बुवा म्हणाले. नवरा कामावर गेला, त्याच दिवशी पापही फिटलं. त्या संध्याकाळी धुणं भिजवताना वहिनींना त्याच्या बाहीवर मिठाचा पांढरा थर दिसला. बॉयलरला जड पाणी चालत नाही; ते मऊ करायला मिठाच्या पाण्याची टाकी लागते. ती टाकी बरोबर त्या कपाळामागे होती. लग्नापासून ठाऊक होतं त्यांना. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात. पण वहिनींनी महिनाभर हाताकडे पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्या नवऱ्याला डबा द्यायला गेल्या आणि तो हात धुवायला वळताच टाकीत निळीची अख्खी बाटली ओतून आल्या.

तीन वाजले. कामगाराला निळा घाम सुटला.

बुवा क्षणभर चपापले. "रंग पालटला! कृपा वाढली!"

"कृपा कसली? नीळ आहे ती," वहिनींनी रिकामी बाटली उंच धरली. "चला माझ्यामागं."

सगळे बॉयलरघरात घुसले. टाकीपासून भिंतीतल्या भोकापर्यंत रबरी नळी, नळीला गळका कॉक आणि कॉकवर नवऱ्याचा निळा हात. बुवा तोवर गिरणीच्या साहेबांच्या गाडीत जाऊन बसले होते.

"साहेब म्हणाले, संप टळला तर मुकादम करतो," नवरा पुटपुटला. "अगं, आधी मला एकट्याला विचारायचं होतंस."

"तुम्ही मला सांगितलं होतंत? लोक जखमेवर मीठ चोळतात. तुम्ही माझ्या छातीवर चोळलंत, आणि मी डोळे मिटून बरं वाटतंय म्हणत होते." मग त्या लोकांकडे वळल्या. "भिंत खोकत नाही, आपण खोकतो. औषध डॉक्टरकडे आहे, पंखे साहेबांकडे. ज्याचं त्याच्याकडे मागा. आणि पुन्हा कुणी चमत्कार दाखवला, तर आधी भिंतीमागं जाऊन बघा."

बोलता बोलता त्यांना ढास लागली. सवयीनं नवऱ्याचा हात त्यांच्या पाठीकडे गेला. त्या निळ्या बोटांकडे पाहून वहिनी बाजूला सरकल्या आणि भिंतीला धरून एकट्याच खोकत राहिल्या.