उलट

"सिस्टर, पाणी म्हणजे तुमच्या वॉर्डातला पेशंट नाही. ऊठ म्हटलं की उठायला आणि चढ म्हटलं की चढायला!"

गवंड्याने थापी पायाच्या भिंतीवर ठेवली आणि आईकडे बघून हसला. आई हसली नाही. ती चुन्याच्या फक्कीचा डबा घेऊन उभी होती आणि तिने नुकताच पुढच्या खोलीला लागून एक पांढरा चौकोन आखला होता.

"संडास इथेच," ती म्हणाली. "यांच्या खोलीतून सरळ आत. मध्ये पायरी नको आणि उंबराही नको."

"अहो, पण ओढा मागे आहे. जमीन मागे उतरते. म्हणून सेफ्टी टाकी मागे, शोषखड्डा मागे. संडास मागच्या कोपऱ्यात घेतला की काम सोपं."

"मागच्या कोपऱ्यापर्यंत हे चालणार कसे? आणि बोअर पण मागेच मारलीय. प्यायचं पाणी आणि घाण एकाच बाजूला मला नकोच होती. काविळीचे वॉर्ड बघितलेत मी."

"अंतर ठेवतो ना. आणि संडास इथेच पाहिजे असेल तर पाइप अख्ख्या घराखालून मागे न्यावा लागेल. त्याला उतार पाहिजे. टाकी आणखी खोल घेता येत नाही, ओढ्याचं पाणी लागतं. मग काय राहिलं? इथली फरशी उचलायची. तीन पायऱ्या करू."

तीन पायऱ्या म्हटल्यावर आईने शेडमध्ये बसलेल्या बाबांकडे बघितलं. मीही.

सेप्टिक टाकीला आमच्याकडे सगळेच सेफ्टी टाकी म्हणतात. आईला ते नाव पहिल्यापासून आवडलेलं होतं. जन्मभर सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काम केल्यामुळे अर्धे आजार कुठून येतात ते तिला ठाऊक होतं. घर बांधायचं ठरलं तेव्हा लोक खिडक्या, रंग, ओटा असलं काय काय विचारत, आणि आई म्हणायची, "ते नंतर. आधी सांडपाणी कुठे जाणार ते सांगा." मी शाळेत शिकवते. सुट्टी लागली म्हणून मदतीला आले होते, पण माझी मदत म्हणजे चहा करणं आणि दोघांची भांडणं ऐकणं.

भांडणाचा विषय ज्यांच्यासाठी होता ते बाबा पत्र्याच्या शेडमध्ये, घडीच्या खाटेवर, उशांना टेकून बसलेले होते. अर्धांगाने त्यांची उजवी बाजू गेली होती. भिंत आणि काठी धरून चार पावलं टाकत, पण पायरी आली की संपलं. वाचाही गेल्यासारखीच. तोंडातून काही आवाज निघत, त्यांतले थोडे आम्हाला कळत आणि बाकीचे आम्ही कळल्यासारखे करत असू. आई त्यांना भाड्याच्या खोलीत एकटं सोडायला तयार नव्हती, म्हणून रोज सकाळी रिक्षाने ते बांधकामावर येत.

खोलीवर त्यांना शौचाला भांडं द्यावं लागे. आईने जन्मात किती माणसांना भांडं दिलं असेल याची गणती नाही. तिला त्यात काहीच वाटत नसे. पण बाबा असे होते की तिच्यासमोर कधी सदरासुद्धा बदलायचे नाहीत. ती भांडं घेऊन आली की ते डोळे मिटून घेत आणि तोंड भिंतीकडे वळवत. नंतर कितीतरी वेळ ते कुणाकडे बघत नसत. एकदा मी त्यांचा डोळा पुसला तर त्यांनी माझा हात झटकला. त्या दिवशी आई मला मोरीजवळ नेऊन हळू आवाजात म्हणाली, "माझं घर नाही झालं तरी चालेल. पण यांना एकट्याने आत जाता आलं पाहिजे."

एवढंच तिला हवं होतं. आणि पाणी तेवढंच द्यायला तयार नव्हतं.

त्याच आठवड्यात बाबांना उलट्या सुरू झाल्या. म्हणजे आईच्या मते सुरू होणार होत्या. गवंडी आणि ती पाइपावरून बोलत असताना शेडमधून बाबांचा आवाज आला.

"उल... उलट..."

आई सगळं टाकून धावली. पिशवीतून पसरट भांडं काढून तिने त्यांच्या हनुवटीखाली धरलं, दुसऱ्या हाताने कपाळ. "काढा, काढून टाका. मोकळं वाटेल."

बाबांनी भांडं ढकललं. "उलट!"

"मळमळतंय नुसतं," आईने निदान केलं. तिने नाडी बघितली, पोट दाबून बघितलं, आणि त्यांचा दुपारचा चहा बंद केला. चहा बंद झाल्यावर बाबांचा जो चेहरा झाला तो बघून मला हसू आवरेना, पण हसायची सोय नव्हती. सिस्टरबाईंच्या वॉर्डात कोण हसणार?

दुसऱ्या दिवशी तेच. गवंडी मागे दोरी लावायला गेला की इकडे "उलट" सुरू. आई भांडं घेऊन धावे, बाबा भांडं ढकलत, आणि खाण्यातलं आणखी काहीतरी कमी होई. संध्याकाळी तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, हळूहळू उतार पडेल. फोन ठेवून ती उदास हसली. "तिकडे गवंडी म्हणतो उतार पाहिजे, इकडे डॉक्टर म्हणतात उतार पडेल. मला दोन्ही हवेत गं, आणि एकही मिळत नाही."

बाबांचं काम काय होतं ते इथे सांगायला हवं, कारण ते नीट चालू असताना कुणाला आठवायचं नाही. ते गावाला पाणी सोडत. लोक त्यांना चावीकाका म्हणत. उजाडायच्या आधी खांद्यावर लोखंडी लांब चावी टाकून, सायकलवरून, या वस्तीचा व्हॉल्व्ह उघड, त्या वस्तीचा बंद कर, असं ते फिरायचे. नळाला पाणी आलं की लोक तोंड धुवायला लागत. नाही आलं तरच त्यांना चावीकाका आठवत, आणि मग जे आठवत ते मी इथे लिहिणार नाही. बाबा त्यावर काही बोलत नसत. चावीचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवून दुसऱ्या टोकाला ते कान लावत. जमिनीखालून पाणी कुठवर पोचलं ते त्यांना ऐकू येई. मी एकदा विचारलं होतं, "कसं कळतं हो?" तर म्हणाले, "ते बोलतं की. आपण गप्प बसायचं." मला तेव्हा ते नुसतंच गमतीचं वाटलं होतं.

तिसऱ्या दिवशी गवंडी मागच्या बाजूला खोदायला सुरुवात करणार होता. आईने हार मानली होती. फक्कीचा डबा तिने माझ्या हातात दिला. "मागेच आख चौकोन. मी धरून नेत जाईन त्यांना. माझे हात आहेत तोवर."

"आणि नंतर?" मी विचारलं.

"नंतरचं नंतर," ती म्हणाली, आणि पदराने मान पुसत उभी राहिली. तिचेही गुडघे आता वाजायला लागले होते. ते ती कुणाला सांगत नसे.

मी फक्की सोडायला वाकले, तेवढ्यात गवंडी ओरडला, "अरे अरे! पाणी!"

शेडच्या तोंडाशी पाण्याचं मोठं पिंप होतं. सिमेंटला आणि बांधकामावर मारायला त्यात रोज पाणी भरून ठेवत. त्या पिंपाला खाली तोटी होती, आणि ती बाबांच्या खाटेपासून डाव्या हाताला लागेल अशी. बाबांनी ती पूर्ण उघडली होती. पाण्याची जाड धार जमिनीवर पडत होती.

"बाबा!" मी पळाले. "अहो, काय करताय?"

मी तोटीकडे हात नेला तर त्यांनी माझं मनगट धरलं. त्या डाव्या हातात एवढा जोर असेल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी माझा हात सोडला नाही, आणि नजर पाण्यावरून काढली नाही.

"उलट," ते म्हणाले. रागाने नाही. शाळेत मी मुलांना दहाव्यांदा सांगते, तसं.

मग मीही बघितलं. पाणी आधी तोटीखाली साचलं. त्याने थोडा वेळ काहीच केलं नाही. मग त्याला एक जीभ फुटली, आणि ती ओढ्याकडे गेली नाही. ती पुढे निघाली. पायाच्या भिंतीला लगटून, आईने पहिल्या दिवशी आखलेल्या पांढऱ्या चौकोनापाशी आली, फक्कीची रेघ तिने ओली केली, पुसली, आणि रस्त्याच्या बाजूच्या कोपऱ्याकडे चालू लागली. मधे एक खडा आला, त्याला वळसा घालून पुन्हा त्याच वाटेला लागली. एवढ्या दिवसांत आम्ही त्या जागेवरून किती वेळा गेलो असू. रस्ता भराव टाकून उंच केलेला, म्हणून आम्हाला पुढची बाजू उंच वाटायची. ओढा मागे, म्हणून मागची बाजू खोल वाटायची. जमिनीला कुणी विचारलंच नव्हतं.

गवंडी धावत आला आणि धावता धावताच थांबला. त्याने पाण्याकडे बघितलं, मग ओढ्याकडे, मग परत पाण्याकडे. मग तो शेडमध्ये गेला आणि पाण्याची नळी घेऊन आला. गवंड्यांकडे असते ती, पारदर्शक, लांबलचक. ती पाण्याने भरायची आणि दोन टोकं दोघांनी दोन जागी धरायची. नळीला मधे कितीही वेटोळी पडू देत, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येऊन उभं राहतं. घराच्या पायासाठी त्याने ती लावली होती. सांडपाण्याची बाजू मात्र त्याने, आम्ही सगळ्यांनीच, डोळ्यांनी ठरवली होती.

एक टोक घेऊन तो मागे ओढ्याकडे गेला, दुसरं मी पुढच्या कोपऱ्यात धरलं. नळीतलं पाणी वर-खाली हेलकावलं, हेलकावलं, आणि स्थिर झालं. त्याच्या टोकाला पाणी त्याच्या गुडघ्याशी होतं. माझ्या टोकाला ते कमरेजवळ, म्हणजे खाली होती ती माझ्या पायाखालची जमीन.

"ओढ्याने गाळ टाकून टाकून मागची कड उचललीय," गवंडी तिकडून ओरडला. "सिस्टर, उतार पुढे आहे! टाकी पुढे, खड्डा पुढे! चौकोन तुमचा बरोबर होता!" मग तो शेडसमोर येऊन उभा राहिला आणि त्याने कपाळावर हात मारून घेतला. "चावीकाका, मी म्हणत होतो कुठेतरी पाणी मुरतंय, ते माझ्याच डोक्यात!"

बाबांचा अर्धाच चेहरा हसू शकत होता. तेवढा हसला.

मला अजून नवल वाटतं. रोज संध्याकाळी आम्ही बांधकामावर पाणी मारत होतो आणि घरी जायची घाई करत होतो. आम्हाला ओली जमीन दिसे. त्या खाटेवरच्या माणसाला पाणी कुठे जातं ते दिसे. अर्धं शरीर गेलं, भाषा गेली, पण ही ओळख शाबूत होती. आणि ती सांगायला देवाने त्यांच्याकडे एकच शब्द ठेवला होता, तोही असा, की नर्सच्या कानाला त्याचा एकच अर्थ लागावा.

आई मात्र हसली नाही. ती खाटेच्या कडेला बसली होती, मांडीवर ते रिकामं भांडं घेऊन.

"शुद्ध हरपलेल्या माणसांचं बोलणं कळायचं मला," ती म्हणाली. "ओठांवरून कळायचं. डॉक्टर मला बोलवून विचारायचे, सिस्टर, हे काय म्हणतायत? आणि घरचं माणूस तीन दिवस सांगतंय, तर मी त्याचा चहा बंद केला." तिचे डोळे भरून आले. बाबांनी डावा हात उचलून तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं आणि खाटेखाली टाकलं. मग त्यांनी अंगठा ओठांशी नेला.

"चहा मागतायत," मी म्हटलं.

"एवढं कळतं मला," आई नाक ओढत म्हणाली आणि उठली.

घर व्हायला पुढे बराच काळ गेला, तो सगळा सांगत नाही. पाइप पडले, टाकी झाली, शोषखड्ड्यात दगड भरले. प्रत्येक टप्प्याला गवंडी बाबांची खाट उचलवून चराच्या कडेला ठेवी आणि विचारी, "काका, ठीक?" बाबा मान हलवत तेव्हाच माती पडे. संडासात त्याने भिंतीला लोखंडी दांडी बसवली, डाव्या हाताला. दाराला आतून कडीही बसवली, तीही डाव्या हाताला येईल अशी. त्यावरून आईने त्याला फैलावर घेतलं.

"कडी काढा ती. आत पडले तर? दार फोडायचं का?"

"काढतो," तो म्हणाला, आणि विसरला. किंवा विसरल्यासारखं केलं.

राहायला गेलो त्या सकाळी बाबा खाटेवरून उठून बसले आणि त्यांनी काठी मागितली. आई लगेच त्यांच्या काखेत हात घालून उभी राहिली. खोली ओलांडायला त्यांना खूप वेळ लागला. दाराशी उंबरा नव्हता, पायरी नव्हती. त्यांनी काठी भिंतीला टेकवली, दांडी धरली, आणि एक पाय आत टाकला. सवयीने आईनेही टाकला.

बाबा थांबले. मान वळवून त्यांनी तिच्याकडे बघितलं.

"उलट," ते म्हणाले.

मी आईकडे बघत राहिले. या वेळी तिला समजायला क्षणही लागला नाही. तिने पाय मागे घेतला आणि पाठ फिरवून उभी राहिली.

आतून कडी लागली. पहिल्यांदा ती नीट बसली नाही, पुन्हा लागली.

मग काही ऐकू येईना. मी बोलायला तोंड उघडलं तर आईने हाताने गप्प राहायला सांगितलं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो. बऱ्याच वेळाने आत पाणी पडल्याचा आवाज आला, आणि फरशीखालून, आमच्या पायाखालून, पुढच्या बाजूला सरसरत गेला. पार रस्त्याकडे जाईपर्यंत आई तो ऐकत होती. तिच्या हातात भांडं नव्हतं, टॉवेल नव्हता, काहीच नव्हतं, आणि ते हात कुठे ठेवायचे हे तिला कळत नव्हतं.