तीन रविवार

येसूबाईंना काही केल्या गप्प बसवत नव्हतं. त्या नातीसाठी लांज्याहून पहाटेच्या एसटीने आल्या होत्या आणि चर्चमध्ये त्यांनी जन्मात पहिल्यांदाच पाऊल टाकलं होतं. चार वर्षांपूर्वी त्यांच्या शमिकाने मांडवीच्या विनीतशी लग्न केलं, तेव्हा त्या लग्नालाही आल्या नव्हत्या. नात झाली आणि रुसवा संपला.

"टीचर, हिच्या डोक्यावर पानी कधी घालनार?" त्यांनी शेजारच्या हौसाटीचरांना कोपराने ढोसलं.

"आमच्याकडे तान्ह्या बाळांना नाही घालत," हौसाटीचर हळू आवाजात म्हणाल्या. वयाच्या चौऱ्याहत्तराव्या वर्षीही त्या रविवारच्या शाळेत मुलांना शिकवत होत्या, त्यामुळे समजावून सांगायचा त्यांना कंटाळा नव्हता. "बाप्तिस्मा घ्यायचा की नाही, ते ती मोठी झाली की तिचं ती ठरवेल. आज नुसतं समर्पण. आईबाप बाळाला देवापुढे आणतात आणि नीट वाढवू असा शब्द देतात. मग आम्ही सगळे साथ द्यायचा शब्द देतो."

"सगली? येवढी मानसा?"

"सगळी."

"आनि मग देतात साथ?"

टीचर हसल्या. "बघा, पाळकसाहेब उठले."

शमिका आणि विनीत पुढे जाऊन उभे राहिले. विनीत बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. आज त्याने पांढरा शर्ट घातला होता, पण नखांतलं काळं काही निघालं नव्हतं. पाळकसाहेबांनी चार महिन्यांच्या ईशाला हातांवर घेतलं आणि आईबापांना दोन प्रश्न विचारले. दोन्हींना दोघांनी "होय" म्हटलं. मग ते मंडळीकडे वळले.

"या बाळाला वाढवताना तुम्ही या आईबापांना साथ द्याल का?"

"होय, देऊ!" साठ-सत्तर माणसं एका सुरात म्हणाली. त्यात हौसाटीचरांचा आवाज नेहमीसारखा सगळ्यांच्या वर होता.

"पाळकसाहेब," विनीत म्हणाला, "हे होय मला नको."

कुणाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. शमिकाने त्याची बाही धरली. पेटी वाजवायला बसलेल्या दिशाचा हात भात्यावर तसाच राहिला.

"मी भांडायला नाही आलोय," विनीत म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, त्यामुळे प्रत्येक शब्द शेवटच्या बाकापर्यंत पोचत होता. "मी तान्हा होतो तेव्हा इथेच, याच जागी, माझ्यासाठीपण तुम्ही होय म्हणालात. मी दहा वर्षांचा असताना बाबांची होडी परत आली नाही. चौदा महिने मी चर्चला आलो नाही. मांडवी इथून किती लांब आहे? पंधरा मिनिटं. कोण आलं?"

"अरे, हे बोलायची ही जागा आहे काय?" मागून सखारामकाका गुरगुरले. "पोरीचा कार्यक्रम आणि हा आमची हजेरी घेतोय!"

"शब्द दिलात ती हीच जागा, काका." विनीत पुन्हा सगळ्यांकडे वळला. "एक हौसाटीचर सोडून सगळ्यांना माहीत होतं. त्यांना कुणी कळवलंच नव्हतं. कळलं असतं तर त्या धावत आल्या असत्या, हे मला माहीत आहे. म्हणून तर मी येत राहिलो. नाहीतर या दारात पुन्हा पाय ठेवला नसता."

सगळ्यांच्या माना टीचरांकडे वळल्या. येसूबाईंनी कौतुकाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

हौसाटीचरांना मात्र कुणीतरी अंगावर गार पाणी ओतावं तसं झालं. आपण हे विसरलो होतो, याचाच त्यांना धक्का बसला. अकरा वर्षांचा विनीत परत आला तो दिवस. दारात उभा, उंच झालेला. आणि त्या स्वतः, त्याच्या कॉलरला हजेरीचा कागदी तारा चिकटवत म्हणतायत, 'अरे, मला कुणी सांगितलंच नाही रे.'

खोटं होतं ते. त्याची आई त्यांच्या पायरीवर येऊन बसली होती. "टीचर, एकदा या. पोरगा बोलत नाही कुणाशी." येते म्हणाल्या होत्या. मग परीक्षा आल्या, मग नाताळची नाटुकली. मग इतके दिवस उलटले की जायची लाज वाटायला लागली. वर्गाचा नियम होता, तीन रविवार गैरहजर की नाव कमी. त्यांनी पट्टी धरून लाल शाईने विनीतच्या नावावर रेघ मारली होती, सरळ, सुबक. आई बिचारी दोन वर्षांपूर्वी गेली. आता हे सांगणारं कुणी नव्हतं.

गप्प बसलं तरी चालणार होतं.

बाकाला धरून त्या उठल्या.

"विनीत, मला माहीत होतं."

तो हसला. "टीचर, तुम्ही कशाला..."

"तुझी आई माझ्या घरी आली होती. मी येते म्हणाले आणि आले नाही. तुझं नाव मी कापलं. आणि तू परत आलास तेव्हा तुझ्याशी खोटं बोलले."

विनीतच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच थिजलं. तो त्यांच्याकडे असा बघत राहिला, जणू त्या कुणी दुसऱ्याच बाई होत्या. पाळकसाहेबांच्या हातांवर ईशा तेवढी पाय झाडत होती.

"तुम्ही?" एवढंच तो म्हणाला.

"मी."

मग विनीतने पाळकसाहेबांकडून मुलगी घेतली आणि छातीशी धरली. टीचरांना वाटलं, हा आता निघून जाणार. तो गेला नाही. त्यांच्याकडे न बघता म्हणाला, "पाळकसाहेब, प्रश्न पुन्हा विचारा. मला एकसुरात उत्तर नको. ज्याला जे जमेल तेच सांगा."

पाळकसाहेबांनी प्रश्न पुन्हा वाचला. दर वेळी सगळ्यांच्या आधी होय म्हणणाऱ्या टीचर या वेळी बोटांवर काहीतरी मोजत होत्या.

"ती दहा वर्षांची होईपर्यंत मी असेन असं मला नाही सांगता येत," शेवटी त्या म्हणाल्या. "पण या नाताळपर्यंत दर शनिवारी चार वाजता मी तुमच्या घरी येईन. नाताळानंतर मला पुन्हा विचार."

विनीतने लेकीच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आमच्या घराला बावीस पायऱ्या आहेत," तो म्हणाला. "कठडा नाही."

"येईन," टीचर म्हणाल्या. एवढ्या मोठ्या चर्चमध्ये एकट्या माणसाचं होय किती बारीक ऐकू येतं, ते त्यांना आज पहिल्यांदाच कळलं.