लागू असतील तेवढ्या चौकोनांत

एम्रिस मास्तरांना बायकोपासून काही लपवायची सवय नव्हती, आणि सवय नसलेला माणूस लपवायला गेला की हमखास पकडला जातो. जनगणनेचा आपल्यापुरता वेगळा फॉर्म त्यांनी फोन करून मागवला. फोन करताना एलुनेद मागच्या अंगणात कपडे वाळत घालतेय ना, हे त्यांनी खिडकीतून दोनदा पाहून घेतलं. पण तो फॉर्म टपालाने येणार आणि टपाल डेलिथ आणणार, एवढी साधी गोष्ट काही त्यांच्या डोक्यात आली नाही.

वेल्श मुलखातल्या लानदेविन गावात डेलिथ पाकिटं वाटायची तशा बातम्याही वाटायची, आणि बातम्यांना तिकीट लागत नसे.

"काय हो मास्तर," ती फाटकातूनच ओरडली, "घराला एक फॉर्म आलाय ना आधीच? मग हा तुमचा निराळा कशाला? ह्या वयात वेगळी चूल मांडताय की काय?"

"चुकून आला असेल."

"चुकून कसला! चांगला नावानिशी आलाय. असा फॉर्म कोण मागवतं ठाऊक आहे ना? ज्याला आपली उत्तरं घरच्यांच्या नजरेस पडू द्यायची नसतात तो. गेल्या खेपेला माझ्या आतेभावाने मागवला, आणि महिन्याभरात बायको सोडून पळाला!" ती खो खो हसली, पाकीट त्यांच्या हातात कोंबलं आणि पुढच्या घराकडे गेली.

स्वयंपाकघरात कपबशा विसळण्याचा आवाज चालू होता, तो थांबला. मास्तरांनी पाकीट कोटाच्या आत सरकवलं. शहात्तर वर्षांचा माणूस, चाळीस वर्षं शाळा चालवलेला, आणि चोरून सिगारेट ओढणाऱ्या पोरासारखी त्यांची छाती धडधडत होती.

घरचा फॉर्म एलुनेदने रविवारीच भरून टाकला होता. चॅपेलमधून आल्यावर, टोपी न काढता, वेल्श भाषेतली प्रत पुढ्यात घेऊन ती टेबलाशी बसली होती. आपलं पान झाल्यावर तिने नवऱ्याचंही पान भरायला घेतलं, त्याला न विचारता. इतक्या वर्षांत त्याचं जेवण, त्याचे मोजे आणि त्याची मतं तिला पाठ झाली होती. राष्ट्रीय ओळखीचा प्रश्न आला तेव्हा मात्र तिने मोठ्याने वाचला. "तुम्ही स्वतःची राष्ट्रीय ओळख कशी सांगाल? लागू असतील तेवढ्या चौकोनांत खूण करा. वेल्श, इंग्लिश, स्कॉटिश, ब्रिटिश... काय रे, ब्रिटिशवर करू का?"

"पासपोर्टापुरता आहे मी ब्रिटिश," मास्तर नेहमीचा विनोद करून म्हणाले.

एलुनेद हसली आणि तिने वेल्शच्या चौकोनात खूण केली. पेन इतकं दाबून की पलीकडच्या पानावर वळ उठला. दहा वर्षांपूर्वीच्या फॉर्मवर हा चौकोनच नव्हता. तेव्हा मास्तरांनी रागाने तो प्रश्न आडवा खोडून लाल शाईने 'वेल्श' असं लिहिलं होतं, आणि गावातल्या तीस-चाळीस घरांकडून लिहवून घेतलं होतं. आता चौकोन आला होता, आणि त्यात खूण झालेली पाहून मास्तरांना त्या दिवशी दुपारचं जेवण गेलं नाही.

कारण 'वेल्श' हा शब्द त्यांनी जगात पहिल्यांदा ज्या कारणासाठी उच्चारला, ते कारण त्यांनाच माहीत होतं. गावाला त्यातलं अर्धंच ठाऊक होतं, आणि ते अर्धं गावाला फार आवडायचं.

ती गोष्ट अशी. एकोणचाळीस साली लढाई सुरू झाली त्या सप्टेंबरात लिव्हरपूलहून पोरांनी भरलेली गाडी आली. बॉम्बच्या भीतीने शहरातली पोरं खेड्यांत धाडत होते. चॅपेलच्या सभागृहात गळ्यात नावाचे कागद बांधलेली पोरं रांगेने उभी केली, आणि गावकऱ्यांनी आपापली निवडून नेली. शेवटी एक शेंबडा, पावणेपाच वर्षांचा पोरगा उरला, एर्नी हॉलिस. त्याला लेउसा प्रिचर्ड या विधवेने नेलं. एर्नीचा एम्रिस झाला. सहा वर्षं तो फक्त वेल्श बोलला, आणि इंग्रजी त्याच्या तोंडातून पार पुसली गेली. लढाई संपल्यावर आई न्यायला आली. पोराशी काय बोलावं तिला कळेना, तिचं बोलणं पोराला कळेना. मग चॅपेलच्या पाद्रीबाबांना दुभाष्या म्हणून बोलावलं. आई म्हणाली, एर्नी, घरी चल. आणि दहा वर्षांचा पोरगा लेउसाच्या मागे उभा राहून ठणकावून म्हणाला, "ह्या बाईंना मी ओळखत नाही. मी वेल्श आहे."

बस्स. आई आली त्याच बसने परत गेली. दरवर्षी एक मार्चला, वेल्श लोकांच्या संत डेव्हिडच्या दिवशी, ही गोष्ट कोणी ना कोणी सांगायचंच. शाळेच्या पोरांनी तिचं नाटुकलं बसवलं होतं. आईचं काम करणारी मुलगी मोठी हँडबॅग घेऊन यायची आणि हरलेल्या सरदारासारखी मान खाली घालून जायची, की टाळ्या. निवृत्तीच्या समारंभात मास्तरांनी स्वतः ती गोष्ट सांगितली होती आणि लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. माणसाला आपल्या नीचपणाबद्दल टाळ्या मिळायला लागल्या की तो कुणापाशी कबूल करणार?

"दाखव," एलुनेद दारात येऊन म्हणाली. हात ओलेच होते.

"काय?"

"कोटात काय आहे ते. आणि एम्रिस, माझ्याशी शाळेतल्या पोरासारखं वागू नकोस. डेलिथचा आवाज पलीकडच्या डोंगरात ऐकू जातो."

मास्तरांनी पाकीट टेबलावर ठेवलं. ती समोर बसली. बाहेर मार्चचा बारीक पाऊस चालू होता, आणि दोघांपैकी कोणी चहाचं नाव काढलं नाही.

"दुसरी बाई असती तर मला समजलं असतं," ती म्हणाली. "पण तुला ह्या वयात कोण विचारणार! मग आहे तरी काय एवढं? मी तुझं पान भरलं त्यात काय चुकलं?"

"राष्ट्रीय ओळख."

"म्हणजे?"

"मला इंग्लिशवर खूण करायची आहे. वेल्शवर पण, आणि इंग्लिशवर पण. एकदाच. कुणाला कळू न देता."

एलुनेद हसायला लागली, आणि त्यांचा चेहरा पाहून थांबली. "इंग्लिश? तू? अरे, तुझ्या लाल शाईपायी आख्ख्या गावाने..."

"मी तिला ओळखलं होतं, एलुनेद."

"कुणाला?"

"आईला. ती दारात आली त्या क्षणी ओळखलं. तपकिरी कोट होता. हात पिवळे पडले होते, दारूगोळ्याच्या कारखान्यात सगळ्या बायकांचे पडायचे. पण उभी तशीच राहिली, एका पायावर भार टाकून. ती काय म्हणतेय ते पाद्रीबाबांनी सांगायच्या आधी मला समजलं होतं. सगळं समजलं नाही, पण 'घरी चल' समजलं. तेवढे शब्द कुठलं पोर विसरतं?"

एलुनेदने खुर्ची पुढे ओढली.

"लेउसाकडे चुलीवर सशाचं कालवण शिजत होतं. कुत्रीला चार पिल्लं झाली होती, त्यातलं एक मला मिळणार होतं. मला जायचं नव्हतं. एवढंच. आणि 'मला जायचं नाही' असं म्हटलं असतं तर नेलंच असतं तिने फरफटत. मग कुणी नेऊच शकणार नाही असं काहीतरी बोलायला हवं होतं. मोठी माणसं आपसात बोलताना तो शब्द फार जोरात म्हणायची. मी तो वापरला." मास्तरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "वेल्श असणं म्हणजे काय, मला काय ठाऊक होतं! कुत्र्याच्या पिल्लासाठी मी वेल्श झालो. आणि पाद्रीबाबा सच्चा माणूस, त्याने शब्दाला शब्द लावून तिला सांगितलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिलाही कळलं होतं की मी ओळखलंय. आईला कळणार नाही होय?"

ते थांबले. नंतरचं एलुनेदला माहीत होतं. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली लिव्हरपूलच्या कोणा शेजारणीचं पत्र आलं होतं, की विनी हॉलिस गेली, दफनही झालं, कपाटात तुमचा पत्ता मिळाला म्हणून कळवते. मास्तरांनी ते पत्र वाचून शेकोटीत टाकलं होतं आणि संध्याकाळी गायनाच्या तालमीला गेले होते.

"परत कधी आली नाही ती," मास्तर म्हणाले. "मला वाटायचं, एकदा तरी येईल. मोठा झाल्यावर येईल. मी जायचं धाडस केलं नाही, आणि ती आली नाही. का येईल? मी तोंडावर दार लावलं होतं."

एलुनेदने ओले हात एप्रनला पुसले. पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

"आली होती," ती म्हणाली.

मास्तरांनी वर पाहिलं.

"अठ्ठावन्न साली. आपल्या लग्नाच्या चार दिवस आधी. तू बँगोरला पुस्तकं परत करायला गेला होतास. लेउसामावशी आणि मी केकसाठी मनुका निवडत बसलो होतो. मावशी झोपायला वर गेली..." ती अडखळली. "ती वर गेली, आणि दार वाजलं. मी उघडलं. तेव्हा माझं इंग्रजी कसं होतं तुला ठाऊक आहे, दुकानात बटणं मागण्यापुरतं. तिने सांगितलं मी अमुक. मी म्हटलं, तो घरी नाही."

"मग?"

"आत ये म्हटलं नाही मी. बाहेर पायरीवरच उभं ठेवलं. मला भीती वाटली, एम्रिस. तेवीस वर्षांची होते मी. मला वाटलं ही तुला घेऊन जाईल."

"काय म्हणाली ती?"

"एकच विचारलं. तो माझ्याबद्दल कधी बोलतो का?"

"आणि तू?"

"मी नाही म्हटलं." एलुनेदने त्यांच्याकडे सरळ पाहिलं. डोळे भरले होते, पण नजर हलली नाही. "खोटं नाही बोलले मी. तू कधी बोलला होतास? दोन वर्षं आपण रोज फिरायला जायचो, तू अवाक्षर काढलं नव्हतंस. गोष्ट सांगायचास ती, टाळ्यांची. आईबद्दल कधी बोलला नाहीस. तिने आभार मानले माझे. लग्नाचं तिला माहीतही नव्हतं. मी सांगितलं नाही."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"आधी लग्न मोडेल म्हणून. मग हेलेद झाली म्हणून. मग इतके दिवस का सांगितलं नाही, हेच सांगता येईना म्हणून."

हेलेद त्यांची मुलगी, आता ती स्वतः आजी व्हायला आली होती. एवढ्या काळात ह्या बाईला ते रात्रंदिवस पाहत आले होते आणि तिच्या पोटातली ही गोष्ट त्यांना कधी दिसली नव्हती. मास्तरांना संताप आला. ओरडावंसं वाटलं. पण ओरडायचं तरी काय? तिने दिलेलं उत्तर खरं होतं, आणि ते खरं केलं होतं त्यांनीच.

त्यांनी पाकीट फोडलं. फॉर्म काढला, पानं उलटली, तो प्रश्न काढला आणि चष्मा लावला.

"दोन्हींवर कर," एलुनेद हळूच म्हणाली. "लिहिलंय ना तिथे, लागू असतील तेवढ्या. कोणी अडवलंय तुला? दोन्हींवर कर, बाबा, आणि टाकून दे."

सकाळपर्यंत त्यांच्याही मनात तेच होतं. एकीला दुसरी जोडून द्यायची, म्हणजे कुणाचाच अपमान नाही.

"त्या दिवशी तिच्या तोंडावर मी एकच सांगितलं होतं," मास्तर म्हणाले.

त्यांनी इंग्लिशच्या चौकोनात खूण केली. बाकीचे चौकोन तसेच ठेवले. मग, हा फॉर्म ज्या कारणासाठी मागवला होता ते कारण विसरल्यासारखं करून तो कागद त्यांनी फिरवला आणि तिच्यापुढे सरकवला.

एलुनेदने वाचला. एकच खूण होती, तरी तिला वेळ लागला.

"तिला आता कळणार आहे का हे?"

"नाही."

"सरकार शंभर वर्षं कुलपात ठेवतं म्हणे. गावालाही कळणार नाही. मग मला कशाला दाखवलंस?"

मास्तरांना सांगायचं होतं की तुझ्यापासून आता काही लपवायचं नाही. ते ऐकायला बरं वाटलं असतं, पण खरं नव्हतं.

"तुला लागावं म्हणून," ते म्हणाले.

तिने मान डोलावली. कागदाची नीट घडी घातली, सोबत आलेल्या परतीच्या पाकिटात भरली, पाकीट चिकटवून कडेवरून नख फिरवलं.

"पंचावन्न वर्षं मी तुझ्याशी वेल्श बोलले," ती म्हणाली. "भांडले, रडले, तुझ्या पोरीला जन्म देताना ओरडले, सगळं त्याच भाषेत. आता तुझ्याशी कुठल्या भाषेत बोलू, तेवढं सांग."

मास्तरांनी तोंड उघडलं. त्यांना उत्तर द्यायचं होतं, मनापासून द्यायचं होतं, पण दोन्ही भाषांत त्यांना एक शब्द सापडला नाही.