लायसनाची ओवी

नागोराव त्या दिवशीही हात हलवत परत आला. चिंचणीच्या बसमधून उतरला तेव्हा एका चपलेचा अंगठा तुटलेला होता. ती चप्पल त्यानं हातात धरली होती. दुसऱ्या हातात मेणकापडाची घडी होती आणि त्या घडीत त्याचं जुनं लायसन.

मैनाबाई दारात जोंधळे निवडत बसली होती. काय झालं, असं तिनं विचारलं नाही. नवऱ्याची चाल पाहिली आणि सूप बाजूला सारलं.

"आज काय कमी पडलं?"

"राहन्याचा दाखला." नागोराव ओट्यावर टेकला. "म्हने, तुमी इथं राहता हे कशावरून? म्या म्हटलं, सायेब, मी तुमच्या म्होरं हुबा हाव की! तं म्हने, उभे आहात ते दिसतंय, राहता ते दिसत नाही."

"आन मागच्या खेपंला?"

"मागच्या खेपंला मुदत."

मैनाबाईनं कपाळावर हात मारला. पहिल्या खेपेला उर्दू, मागच्या खेपेला मुदत, आणि आता दाखला. कांदा सोलावा तसं होत होतं. एक पापुद्रा काढला की खाली दुसरा, आणि डोळ्यांतलं पाणी तेवढं खरं.

नागोराव परभणीकडचा. तरुणपणी निजामाच्या राजवटीत त्यानं लायसन काढलं, ते सगळं उर्दूत. कापसाच्या गाठींनी माथ्यापर्यंत भरलेला शेठजींचा ट्रक त्यानं वर्षानुवर्षं चालवला. मग शेठजींनी ट्रक विकला आणि नागोरावच्या हाताला काम उरलं नाही. त्याच्या गावचा रामकिसन तारापूरला ट्रकवर होता. अणुवीजघराचं बांधकाम चाललं होतं, माणसं हवी होती. रामकिसनच्या सांगण्यावरून दोघं नवरा-बायको बोचकं बांधून आली आणि चिंचणीत काशीबाईच्या घरामागच्या खोलीत उतरली. मुकादमानं नागोरावला आधी घमेलं दिलं आणि म्हणाला, "लायसन लाओ, डंपर ले जाओ." पण आता त्यानं हेही सांगितलं होतं, की येत्या कॅम्पला लायसन नाही निघालं तर डंपर दुसऱ्याला जाईल. आणि भरावाचं काम संपलं की घमेलंवाल्यांना सुट्टी.

कॅम्प म्हणजे महिन्याकाठी मोटारीचे साहेब पालघरला येत तो दिवस. एक टेबल, एक कारकून, एक शिपाई, आणि उन्हात उभी माणसं.

पहिल्या वेळी कारकुनानं ते उर्दू लायसन उभं धरलं, आडवं धरलं आणि परत दिलं. तारापूरच्या एका म्हाताऱ्या दर्ज्यानं टोपी शिवता शिवता सगळं वाचून दाखवलं, मराठीत उतरवूनही दिलं. कारकून म्हणाला, वाचलं ते ठीक, पण याची मुदत संपली आहे, ती जिथं काढलं तिकडंच वाढेल. नागोराव रेल्वेनं परभणीला गेला. तिथले म्हणाले, आता राहता कुठं? ठाणे जिल्ह्यात? मग आमच्याकडं कशाला आलात? तो परत आला. कारकुनालाही शेवटी दया आली. "बरं," तो म्हणाला, "जुनं होतं म्हणून शिकाऊ लायसनाची पायरी तुम्हाला माफ. साहेबांसमोर परीक्षा द्या. फक्त राहण्याचा दाखला आणा. फक्त."

त्या 'फक्त'चाच मैनाबाईला राग होता.

सरपंचांकडं गेलं की ते म्हणत, "घरमालकिणीचा अंगठा आणा, मी डोळे मिटून सही करतो." रेशनकार्डाच्या दुकानात गेलं की दुकानदारही म्हणे, "घरमालकिणीचा अंगठा." सगळ्या वाटा फिरून काशीबाईच्या दाराशी येत होत्या, आणि दारात काशीबाई बसलेली असे, हाताला बोंबलाचा वास, पदर खोचलेला.

काशीबाई वाईट नव्हती. मैनाबाईला ताप आला तेव्हा तिनं भाताची पेज करून घातली. ही मासळी खात नाही म्हणून स्वतःच्या कालवणाचं भांडं त्या दिवशी परसात नेऊन ठेवलं. पण कागद म्हटला की ती शिंपल्यातल्या कालवासारखी मिटून बसे.

"राहा," ती म्हणाली. "म्हातारी होईपरेंत राहा. पन कागूद नाय."

"मावशी, नुसतं म्हना की हे भाडेकरू हायेत."

"तोच सबुद नको काढू!" काशीबाईनं हातातला कोयता खाली ठेवला. "माज्या दिरानं एकाला अशीच चिठी लिवून दिली. भाडेकरू हाय म्हनून. तो कोरटात गेला, म्हनला कागूद बगा. कोरटानं कागूद बगितला. आमी बगत राह्यलो, आनि पडवी गेली. आजून त्या पडवीत त्याची खाट हाय."

"आमी तसले न्हाई."

"तो पन तसला नवता गो. कागदानं झाला."

मैनाबाई मागं वळली. दळायचे जोंधळे पडले होते. तिनं ते जात्यापाशी नेले.

जातं काशीबाईचं होतं. धाकट्या वयात तिची लेक हंसा त्याच्यावर तांदूळ दळायची. हंसा लग्न होऊन सातपाटीला गेली आणि जात्यावर जाळी धरली. मैनाबाईनं ते झाडून पुसून पुन्हा बोलतं केलं. रोज पहाटे भिंतीपलीकडं समुद्र आणि अलीकडं जातं, दोघांची घरघर एकमेकांत मिसळून जाई. मैनाबाईला आई आठवत नव्हती. माहेराच्या ओव्या ती म्हणे, पण त्या दुसऱ्या बायकांच्या, ऐकून घेतलेल्या; उसन्या मिठासारख्या. स्वतःच्या म्हणून ज्या सुचत, त्या सगळ्या अलीकडं लायसनाच्या होत्या.

पालघरच्या कचेरीची, पायरी गं उंच किती
चढून नि उतरून, वहाणांची झाली माती

दुसऱ्या दिवशी पहाटे मात्र तिच्या पोटात राग होता. खुंट्याला हात घातला, मूठ टाकली, आणि तोंडातून निघून गेलं,

समुद्राचं पाणी, भरतीला दारी येतं
काशीबाईचं गं मन, ओहोटीला मागं जातं

म्हणून झालं आणि तिला स्वतःलाच बरं वाटलं. पीठ बारीक पडलं. पण भिंती कुडाच्या होत्या, आणि शेजारची गोदूबाई पाणी भरायला उठली होती.

ओवीला पाय असतात. सकाळी ती विहिरीवर गेली, दुपारी वाळवणावर गेली. बांबूंवर बोंबील टांगणाऱ्या बायकांत तिला चांगलंच घर मिळालं. कोळ्यांच्या बायका त्या. भरती-ओहोटी त्यांना कुणी समजावून सांगायला नको.

"काय काशीबाय," गोदूबाई हाक मारायची, "आज भरती का ओहोटी?"

"हिच्याकडं मीठ मागू नका गो," नवसी म्हणायची, "ओहोटी चालू हाय. उद्या या."

काशीबाईनं आधी दुर्लक्ष केलं. मग तिनं शिव्या दिल्या. शिव्यांनी ओवी आणखी पसरली. शेवटी बाजारात मासे विकून ती परत आली ती टोपली न उतरवताच मैनाबाईच्या खोलीत. टोपलीतलं पाणी तिच्या खांद्यावरून ठिबकत होतं.

"ती ओवी मागं घे."

मैनाबाई बोचकं बांधत होती. कॅम्प परवावर आला होता आणि हातात दाखला नव्हता. "जात्यावर म्हटलेली ओवी मागं कशी घ्यावी मावशी? पिठाचे दाने होतेत का परत?"

"मग तिच्यावर दुसरी म्हन. गावभर मला ओहोटीला बशीवलंस, आता भरतीला आन."

"म्हटली असती," मैनाबाई गाठ आवळत म्हणाली. "पर जात्यापाशी खोटं बोलत न्हाईत. हात अडकतो."

काशीबाईनं टोपली धप्पदिशी खाली ठेवली. बोचक्याकडं पाहिलं. कोपऱ्यातल्या जात्याकडं पाहिलं. मैनाबाईनं ते पुसून, वर फडकं झाकून ठेवलं होतं. हंसानंही सासरी जाताना तसंच झाकलं होतं.

"चाललीस?"

"लायसन न्हाई तं काम न्हाई. काम न्हाई तं इथं राहून काय समुद्र दळू?"

"फडकं काढ त्याच्यावरनं," काशीबाई करवादली. "मेलं तोंड झाकल्यावानी दिसतंय." आणि टोपली उचलून गेली. जाताना उंबऱ्यातून म्हणाली, "परवा मी येते पालघरला. पन भाडेकरू म्हननार नाय. आदीच सांगते."

"मग काय म्हननार?"

"ते माजं मी बगीन."

पालघरला नागोराव, मैनाबाई आणि काशीबाई टेबलासमोर उभी राहिली. रामकिसननं मुकादमाच्या हातापाया पडून ट्रक आणला होता, तो झाडाखाली उभा होता. कारकुनानं नेहमीसारखं विचारलं, "दाखला?"

"मी हाय दाखला," काशीबाई म्हणाली. "हा माज्या घरी राह्यतो."

"तुम्ही घरमालकीण? हा भाडेकरू?"

"भाडेकरू तुजा असंल! हा माजा जावय हाय."

नागोरावची मान खटकन वळली. मैनाबाईनं त्याच्या दंडाला इतक्या जोरात चिमटा काढला की तो 'अं' म्हणाला, आणि कारकुनाला ते 'हं' वाटलं.

पाण्याचा माठ भरणारा शिपाई दामू सातपाटीचा निघाला. तो तांब्या घेऊन पुढं आला. "काशीमावशी, तुजा जावय तं आमच्या सातपाटीला हाय. काल तं मी त्याच्या होडीवर व्हतो."

"ती धाकटी, हंसा," काशीबाईनं डोळ्याची पापणीही हलवली नाही. "ही थोरली."

"थोरली कवा झाली?"

"धाकटीच्या आदी! थोरली कवा होते रं?"

रांगेतली माणसं हसली. दामू हटला नाही. "आनि इतकी वरसं व्हती कुठं?"

"सासरला! लांब दिलेली, परभनीला. पोरींना सासरी देतात का घरात खारवून ठेवतात?"

कारकुनानं चष्मा काढला. एकदा काशीबाईकडं पाहिलं, एकदा मैनाबाईकडं. एकीच्या नाकात कोळणीची नथ, दुसरीच्या कपाळावर परभणीकडचं हिरवं गोंदण. दोघींच्या तोंडची मराठी एकमेकींना वाटेतसुद्धा भेटली नसती. पण मागं रांग होती, ऊन होतं, आणि या माणसाच्या वहाणा त्यानंही आता पुष्कळ वेळा पाहिल्या होत्या.

"म्हणजे घरजावई," तो म्हणाला.

नागोरावचा चेहरा उतरला. परभणीकडं हा शब्द माणूस भांडणात वापरतो, तोही शेवटी, दगड उचलायच्या आधी. "सायेब," तो कळवळून म्हणाला, "आमच्या सात पिढ्यांत..."

"लायसन पाहिजे का सात पिढ्या?"

नागोरावनं रस्त्याकडं पाहिलं. झाडाखाली ट्रक उभा होता आणि त्याची चाकं पुढं वळलेली होती. "लिवा," तो म्हणाला. "घरजावई लिवा."

काशीबाईनं अंगठा पुढं केला. शाईच्या पॅडवर ठेवायच्या आधी तिनं तो पदराला पुसला, आणि पुसताना मैनाबाईला हळूच म्हणाली, "जावय घर घेत नाय गो. जावय फार तर रुसून जातो." मग तिनं अंगठा असा दाबला की कागद टेबलाला चिकटला.

परीक्षेला साहेब ट्रकमध्ये नागोरावशेजारी बसले. सातपाटीच्या रस्त्यानं न्या म्हणाले. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका रस्त्याच्या मधूनच चालत होत्या, आणि नागोरावच्या मनातून तो शब्द जात नव्हता. तो सारखा पुटपुटत होता.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"कायी न्हाई सायेब. घरजावई झालो."

"घरात कुणाचं चालतं ते तुमचं तुम्ही बघा," साहेब म्हणाले. "इथं गाडी तुम्ही चालवा. आता मागं घ्या, त्या वळणापर्यंत."

गाडी मागं घेताना नागोरावचे हात मात्र जुने, ओळखीचे झाले. शेठजींच्या कापसाच्या गाठी जणू अजून पाठीवर होत्या. एकाही बाईला टोपली सावरावी लागली नाही. साहेबांनी कागदावर काहीतरी खरडलं आणि खाली उतरून चहा मागवला.

तिघं परतीच्या बसमध्ये बसली. नागोरावच्या खिशात मराठीतलं नवं लायसन होतं आणि तोंड अजून फुगलेलं होतं. काशीबाई म्हणाली, "जावयाकडनं भाडं कसं घेऊ आता? हा बी ताप झाला डोक्याला." नागोराव म्हणाला, "घ्या, घ्या! भाडं तरी घ्या, म्हंजे मला जरा बरं वाटंल." तेव्हा कुठं मैनाबाई हसली. तिला ते हसू थांबवताच येईना.

पहाटे तिनं जात्यावरचं फडकं काढलं. मूठ टाकली. पहिले काही फेरे नुसतेच गेले. रोज ओठावर येणारं ते पालघर, तो साहेब, ती पायरी, काहीच आलं नाही. मग आलं ते उसनं नव्हतं.

समुद्राला भरती, होड्या लागल्या दारी
काशीबाई माझी माय, मी लेक थोरली खरी

म्हणताना तिचा हात अडकतो का, हे तिनं लक्ष देऊन पाहिलं. जातं सरळ फिरत होतं.

कुडापलीकडं खाकरल्याचा आवाज झाला. काशीबाई कधीची जागी होती.

"गो मैना!"

"काय माय?"

पलीकडं ती पुन्हा खाकरली. मग आवाज आला, नेहमीसारखाच करवादलेला. "गोदूबाय आजून पान्याला उठली नाय. तिनं काय आयकलं नसंल. ती उठली की खिडकी उघड, आनि पयल्यापासनं परत म्हन."